आंबेखारच्या भिंतीवरची ढाल

मी एक जुनी ढाल आहे. मित्रांनो, लढाईतली नव्हे हं. माझ्यावर तलवारीचा एक वार कधी पडला नाही. मी शाळांच्या बक्षिसाची ढाल. पण मी जेवढी मारहाण पाहिली तेवढी लढाईतल्या ढालीनेही पाहिली नसेल, आणि ती सगळी शिक्षणाच्या नावाखाली.

ठाण्याच्या एका सुताराने मला सागवानी फळीतून कापलं. मग एका तांबटाने भोवती पितळेची कड ठोकली. ते साल एकोणीसशे बावन्न. आज जिथे नवी मुंबई आहे, तिथे तेव्हा भातशेतं, मिठागरं आणि खाडी होती. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या सरकारी शाळांच्या सातवीच्या निकालाची दर साल तुलना व्हायची. ज्या शाळेची शेकडा जास्त मुलं पास, तिच्या भिंतीवर मी वर्षभर मिरवायचे.

आता यातली गंमत ऐका. करंजबंदरची शाळा मोठी, तिथून साठ पोरं सातवीच्या परीक्षेला बसत. आंबेखार म्हणजे मिठागराच्या कडेचं एवढंसं गाव, तिथून बसत चार. साठांतली पन्नास पास झाली तर तपासणीचे साहेब विचारीत, बाकीची दहा का गेली? चारांतली चार पास झाली की शंभर टक्के, वाजवा ताशा. आंबेखारचे रामचंद्र गुरुजी हे बरोबर ओळखून होते. कच्च्या पोरांची नावं ते परीक्षेला धाडतच नसत. "तू यंदा घरी बस," म्हणत, आणि पोर जी घरी बसायची ती कायमची मिठागरात जायची. म्हणून मी लागोपाठ तीन वर्षं आंबेखारला होते.

आणि ज्यांची नावं धाडत त्यांचे काय हाल सांगू! पाढ्यात चुकला की पाठीवर वेताची छडी. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टी. पोरं आधी माझ्याकडे बघत, मग हात पुढे करीत. माझा राग यायचा त्यांना, आणि का येऊ नये?

चांगदेव हा वर्गातला सर्वांत हुशार पोरगा. त्याचा बाप देवजी गावातला बडा माणूस, मिठागराचा मुकादम. एकदा उत्तर द्यायला चांगदेवने जरा वेळ लावला, तर गुरुजींनी त्याच्या कानाखाली अशी काही लगावली की तो बाकावरून खाली पडला. कानातून रक्ताची धार आली. घरी तो काही बोलला नाही, कारण देवजीने ऐकलं असतं तर दुसऱ्या कानाखाली दिली असती. त्यानंतर त्या बाजूने हाक मारली की तो वळेना. मस्ती चढलीय म्हणून गुरुजी त्याला आणखी बडवीत, आणि दुसराही कान हळूहळू जात चालला. मी भिंतीवरून सगळं बघत होते आणि मला तोंड नव्हतं.

त्याच वर्गात जमुना होती. आई गंगू मिठागरात राबायची, बाप नव्हता. सातवी पास झाली की मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येत होतं, आणि नाही झाली तर दुसऱ्या दिवशी आईबरोबर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं होतं. जमुना गणितात अडखळायची. तेवढ्यावरून गुरुजींनी तिचं नाव गाळलं.

गंगू मिठागरातून तशीच शाळेत आली, खांद्यावर मीठ ओढायची लांब दांड्याची फळी.

"गुरुजी, माझ्या पोरीचं नाव का नाय धाडलं?"

"गणितात कच्ची आहे. शाळेचा निकाल खाली येईल."

"आनि ती मिठागरात गेली तं? माझं पाय बगा." तिची पावलं मिठाने खाल्ली होती, भेगांतून लाल मांस दिसत होतं.

"बाई, बाहेर व्हा." गुरुजींनी तिला खांद्याला धरून ढकललं. ती उंबऱ्यावर आपटली. उठली ती फळी उगारूनच. पहिल्या तडाख्याला दौती फुटल्या, दुसऱ्याला खुर्ची मोडली, तिसरा गुरुजींच्या मनगटावर बसला. मग तिने फळी माझ्यावर रोखली. "नाव धाडा, नायतं हिचं सरपन करते."

गुरुजी धावले ते माझ्यापुढे आडवे झाले. पोरांसाठी कधी झाले नव्हते. जमुनाचं नाव त्यांनी डाव्या हाताने लिहिलं.

निकालाच्या दिवशी गुरुजी ठाण्याला गेले होते. इकडे यंदाही ढाल आपलीच असं धरून लोकांनी मला खाली काढून झेंडूचा हार घातला, ताशेवाला आणला. देवजीने मला दोन्ही हातांत धरलं होतं. एवढ्यात ठाण्याहून आलेल्या एका होडीवाल्याने सांगितलं, आंबेखारचा एक जण नापास, ढाल करंजबंदरला गेली.

कोण नापास, हे कुणीच विचारलं नाही. सगळा जमाव गंगूच्या झोपडीवर चालून गेला. कुडावर दगड बसले, कौलं फुटली. जमुना दारात आली तर एकाने तिची वेणी धरून तिला फरफटत ओढलं. गंगू मध्ये पडली. देवजीने मला उचललं आणि हाणलं. माझी पितळी कड गंगूच्या कपाळात शिरली, हारातली फुलं भिजली.

तेवढ्यात धापा टाकत गुरुजी आले. "थांबा, जमुना पास आहे."

"मग कोन गेला?" देवजीने विचारलं.

"चांगदेव. शुद्धलेखन तोंडी सांगतात, तो कागद कोरा आहे त्याचा."

चांगदेव गर्दीत बापाच्या मागेच उभा होता. देवजीने त्याला हाक मारली. तो जमुनाकडे बघत उभा राहिला. दुसरी हाकही त्याला ऐकू गेली नाही. तेव्हा कुठे देवजीच्या हातून मी खाली पडले.

गंगूची जखम भरली, कपाळावर वण राहिला. जमुना ट्रेनिंगला गेली. जाईपर्यंत ती रोज चांगदेवच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन मोठमोठ्याने धडे वाचायची आणि तो लिहायचा. पुढच्या वर्षी तो पास झाला की नाही, मला ठाऊक नाही. मला करंजबंदरला नेलं होतं. तिथल्या हेडमास्तरांनी मला खिळ्यावर टांगलं, दोन पावलं मागे सरून डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "आता ही जाता कामा नये." मग त्यांनी टेबलाच्या खणातून छडी काढली.

मित्रांनो, माझं पितळ आता काळं पडलं आहे. मला चिंच लावून घासू नका, काळीच बरी आहे मी. तुमच्या वर्गात हाक मारली तरी वळत नाही असं कुणी असेल, तर त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि त्याला विचारा, तुला कुणी मारलं.