मुक्कामाचा अर्ज

बंकटने कीबोर्डवरची धूळ फुंकली आणि पुढचा प्रश्न मोठ्याने वाचायला घेतला. आष्टीतल्या त्याच्या दुकानात छबुबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती. टेबलावर उभ्या केलेल्या मोबाइलमध्ये तिची लेक मुक्ता, कॅनडातल्या सकाळी. मुक्ताला सातवा लागला होता. व्हिसा वेळेत आला, तर बाळंतपण आईच्या हातचं होणार होतं.

एका दमात पाच वर्षं राहता येतं, असं बंकटने सांगितलं तेव्हा छबुबाईने ते दोनदा विचारून घेतलं. पाच वर्षं, एकाच छपराखाली. ऊसतोडीच्या एका हंगामात तिने तीन-तीनदा पाचटाची कोपी, राहती झोपडी, मोडून पुढे नेली होती.

*यापूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे काय?*

"न्हाई."

बंकटने ‘नाही’वर खूण केली. उंबऱ्यावर बसलेला तिचा नवरा आसाराम खाली बघत पुटपुटला,

"पिशवी काढली न्हवं तुझी."

"त्याला काय आपरेशन म्हंतेत? टोळीतल्या समद्याच बायांची काढलीय."

मुक्ताने विचारलं, कधी. छबुबाईने पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. दुष्काळाचं साल, सहकारी कारखान्याचा फड. ती पंचविशीची, मुक्ता चार वर्षांची, पाचटावर निजलेली. दर महिन्याचं दुखणं नको, कामाला खाडा नको. पंधराव्या दिवशी कोयता हातात.

खोटं उघडं पडलं तर अर्ज फेटाळतात, असं म्हणत बंकटने खूण बदलली. खाली नवीन चौकट उघडली.

*शस्त्रक्रियेचं कारण*

त्याची बोटं थांबली. त्याने आसारामकडे पाहिलं. आसाराम चपलेकडे बघत होता.

"मावशी, काय लिहू?"

"लिही, काम होतं."

"तसंच लिही, बंकटदादा," मुक्ता म्हणाली.

बोलता बोलता ती उठली आणि पडदाभर तिचं पोट आलं. सदऱ्याखाली एक उंचवटा वर आला, या कुशीकडून त्या कुशीकडे सावकाश सरकला आणि बुडाला.



छबुबाई पुढे सरकली. मुक्ता पोटात असताना नववा लागेपर्यंत तिने उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. मान वाकवून पोटाकडे बघावं, इतका वेळ डोक्यावरची मोळी कधी उतरलीच नव्हती.

"असं दिसतं व्हय?" ती अगदी हळू म्हणाली. "हालू नगं. बघू दी अजून."