येणारी गोळी

छावणीत सुंदररावांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यात अर्धी चेष्टा होती, अर्धा मान. चेष्टा किती नि मान किती, हे सुंदररावांनी कधी तपासून पाहिलं नाही. ते गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळात जनावरं तेलगावच्या रस्त्याला चारा छावणीत गेली, माणसं जनावरांमागं गेली आणि सोसायटीचं टेबल माणसांमागं. लिंबाखाली पत्रा टाकून सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट लावायचं. मधल्या रिकाम्या दुपारी मोबाईलवर बातम्या वाचायच्या. औषधांच्या.

"काय डॉक्टर, अमेरिका काय म्हनती आज?" बबनराव उसाच्या मोळीवर बूड टेकत विचारायचे.

"सांध्यांची नवी गोळी पास झाली तिकडं. आता आपल्याकडं यायला वेळ न्हाई."

"गोळ्याच येतेत बे सगळीकडून. पाऊस पास करा म्हनाव एखादा."

मंडळी हसायची. सुंदररावही हसायचे, आणि हसता हसता मनगटाची गुंडी लागलेली आहे ना, हे चाचपून घ्यायचे. छावणीत म्हशीसुद्धा जीभ बाहेर काढून उभ्या असत, आणि या माणसाचा शर्ट लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद. सचिवाला शिस्त पाहिजे, असं ते म्हणत. लोकांना ते पटलं होतं. पटण्यासारखं तोंडच होतं त्यांचं.

*

बातमी. (इंग्रजीत आलेली, सुंदररावांनी मनातल्या मनात मराठी केलेली.)
सोरायसिससोबत येणाऱ्या सांधेदुखीवर नवी गोळी. चाचणीत अनेक रुग्णांची सूज उतरली. दूरगामी परिणाम अजून

पुढचं वाचायला पैसे पडत. पण एवढं पुरायचं. एवढ्यावर दुपार निघायची.

*

बाह्यांच्या आत काय होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, विमलबाईंना माहीत होतं. सुंदररावांच्या कोपरांवर, दंडांवर लाल चट्टे, चट्ट्यांवर पांढरे खवले. सकाळी अंथरुणात भुस्सा पडावा तसे खवले पडत. विमलबाई ते केरसुणीनं गोळा करत आणि आयुष्यात एकदाही त्यावर बोलल्या नव्हत्या. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. मग एका हिवाळ्यात पायाचं बोट गाजरासारखं सुजलं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कातडी नि सांधे यांची गाठ घालून दिली: आजार एकच आहे, बाहेरून तो आणि आतून हा.

गावाला त्यांनी आतला तेवढा सांगितला. वात आहे म्हणाले.

बाहेरचा कसा सांगणार? रतनबाईच्या हाताला नायटा झाला होता, तेव्हा बायकांनी तिच्या कॅनमागं आपला कॅन लावायचं सोडलं होतं. ते सुंदररावांनी याच टेबलामागून पाहिलं होतं. रतनबाई तर नुसतं दूध आणून घालणारी. सगळ्या गावच्या दुधात माप बुडवणारा हात सुंदररावांचा होता.

*

आता त्रिंबक.

त्रिंबक त्यांच्याच गावचा, ऊसतोड करणारा. दर दिवाळीनंतर तो आणि भिवराबाई कारखान्यावर जात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच मोजणी असते. दोन वर्षांमागं त्रिंबक सोसायटीत आला होता, उजव्या हाताची दोन बोटं सुजवून, आणि मानेवर तसलेच खवले घेऊन. त्यानं मान झाकली नव्हती. त्याला झाकायचं सुचलंच नव्हतं.

"सुंदरदादा, आंबाजोगाईच्या डाक्टरनं गोळी दिलीया. आठवड्याला एकच खायची म्हनं. तुमाला औषधाचं कळतंय. खाऊ का?"

पुडी उघडली, तर आत ती पिवळी गोळी. सुंदररावांनी ती लांबूनच ओळखली. तिचीच एक पट्टी त्यांच्या वरच्या खिशात होती, रविवारच्या नावानं. तिच्यामुळेच तर त्यांची बोटं अजून माप धरत होती.

टेबलाभोवती चार माणसं उभी होती. 'खा, मी पण हीच खातो,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्रिंबकाची मान आणि सुंदररावांची बाही एका ओळीत आली असती. चौघांनी आधी एकीकडं पाहिलं असतं, मग दुसरीकडं.

म्हणून सुंदरराव म्हणाले, "ही जुनी हाय रे. काळीज खाती. जरा दम धर, नवी येतीया. अमेरिकेत आलीच हाय."

चौघांनी माना डोलवल्या. डॉक्टर हे नाव त्या दिवसापासूनचं.

*

यंदा भिवराबाई आपल्या भावाच्या, सटवाच्या जोडीनं तोडीला गेली. त्रिंबक मागं राहिला, दोन म्हशी घेऊन छावणीत. त्याच्या उजव्या हाताची बोटं अर्धी वाकून थांबली होती. मिटत नव्हती, उघडत नव्हती. बादली तो कोपराच्या वळणात अडकवून आणायचा.

रविवार होता. सकाळचं दूध आटोपलं, रांग पांगली, तसा तो टेबलाशी आला.

"दादा, ती गोळी आली का?"

"कोन्ती?"

"तुमी म्हनलेली. आता डावा बी सकाळचा मिटंना. दुपारपर्यंत येतो वळनावर, पर मिटंना." त्यानं डावा हात पुढं केला आणि मूठ करून दाखवली. मुठीत एक पेरू राहील एवढी जागा उरत होती. "भिवरा फोनवर म्हनती, ती पयली गोळी खाल्ली असती तर बरं झालं असतं. म्या म्हनलं, येडी हायस का, दादानं सांगितलंय काळीज खाती. म्या तवाच फेकून दिली."

असं झालं नाही:
सुंदरराव उठले. त्यांनी त्रिंबकाचा हात धरला आणि म्हणाले, मी तुला खोटं सांगितलं.

असं झालं:
"येईल रे," सुंदरराव म्हणाले. "ह्या महिन्यात न्हाईतर पुढच्या."

"मंग बरं हाय," त्रिंबक म्हणाला आणि बादली कोपरात अडकवून गेला. लई भरवसा ठेवून गेला.

*

दुपारी सुंदरराव रोजच्यासारखे मोबाईल घेऊन बसले. बातमी आली होती, उघडली नाही. मग ते उठून पाण्याच्या टँकरमागं गेले. रविवारची गोळी ते तिथं घेत, लघवीला गेल्यासारखं करून.

पट्टीतून गोळी फोडली. टँकरच्या चाकांमधून पलीकडचं दिसत होतं. त्रिंबक म्हैस बांधत होता. दावं खुंट्याला गुंडाळून झालं होतं, पण गाठ बसत नव्हती. डाव्या हाताला पीळ धरवेना, उजव्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी तो गुडघ्यावर बसला, दाव्याचं टोक दातात धरलं आणि मान मागं ओढून गाठ मारली. मग तोंडातली शेण-माती थुंकून टाकली आणि इकडं-तिकडं पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून.

ते बघणं सुंदररावांच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ते स्वतः तसंच बघत आले होते. आणि ह्या माणसाला ते येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो उघड्या मानेनं टेबलाशी आला होता.

गोळी तळहातावर तशीच ठेवून सुंदरराव टँकरला वळसा घालून गेले. शेजारच्या दावणीत बबनराव होते, अजून दोघं-तिघं होते. ते असू नयेत असं सुंदररावांना फार वाटलं.

"त्रिंबक, ही बघ."

त्रिंबकानं वाकून पाहिलं. "पिवळी. ही तर तीच."

"तीच."

"तुमच्याकडं कशी?"

"मी खातो. दर रविवारी."

"कवापासून?"

"तू विचारलंस त्याच्या आधीपासून."

बबनराव हसायला तोंड उघडून बसले होते. ते तसंच राहिलं.

"मंग मला कावून न्हाई म्हनलं?" त्रिंबक म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सुंदररावांनी गोळी खिशात टाकली, मनगटाची गुंडी काढली आणि बाही कोपराच्या वर सारली. मग दुसरी. वारं होतं. दोन-चार खवले सुटले आणि उन्हात चमकत म्हशींच्या अंगावर गेले.

बबनरावांच्या पायाशी घरच्यासाठी ठेवलेल्या दुधाचा कॅन होता. त्यांनी फक्त पायानं कॅन थोडा मागं सरकवला आणि झाकण लावलं.

त्रिंबकानं ते पाहिलं. कॅन पाहिला, बाही पाहिली, मग आपला उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, जणू तोही तिथंच ठेवलेली तिसरी वस्तू होता.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

सुंदररावांनी मान हलवली. होय म्हणून हलवली, पण बघणाऱ्याला कळलं असेल असं नाही.

*

संध्याकाळी टेबलाशी कॅन कमी आले. बबनराव आले नाहीत, चार घरं आली नाहीत. जे आले त्यांतलं कुणी डॉक्टर म्हणालं नाही. त्रिंबक सगळ्यांत शेवटी आला. बादली टेबलावर ठेवली.

"आंबाजोगाईला उद्या जायचं का?" सुंदरराव म्हणाले. "माझ्या गाडीवर जाऊ. आधी रक्त तपासतेत, मग ती गोळी आठवड्याला एक, आणि बाकीच्या दिवशी दुसरी एक बारकी..."

"तुमी सांगू नका," त्रिंबक म्हणाला. "डाक्टर सांगल."

"उजवा आता पहिल्यासारखा..."

"तेबी त्योच सांगल."

*

सकाळी निघाले. सुंदररावांच्या बाह्यांच्या गुंड्या पुन्हा लागलेल्या होत्या. एका दिवसात काय काय सुटणार? त्रिंबक मागं बसला होता. त्याला गाडीची कडी धरता येत नव्हती, आणि सुंदररावांचा खांदा त्यानं धरला नाही. वाकून राहिलेला उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता. खड्डा आला की तो हात पुढं सरकायचा आणि त्याची कडक बोटं सुंदररावांच्या पाठीत लागायची. तो हात काढून घ्यायचा, पुढच्या खड्ड्याला बोटं पुन्हा लागायची. धारूरचा घाट येईस्तोवर हेच चाललं होतं.

दोन्ही बाजूंना वाळलेलं रान. वरच्या खिशात मोबाईल थरथरला. सुंदररावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं:

"ती नवी गोळी हाय ना, तिची परवा एक..."

"रस्त्याकडं बघा," त्रिंबक म्हणाला.

सुंदरराव रस्त्याकडं बघू लागले.