पालथा रांजण

वादळ उठलं समुद्रात आणि भिजलं बीड. बिंदुसरा नदीचं पाणी ओसरेपर्यंत डासांनी घरोघर बिऱ्हाडं थाटली होती. आरोग्य खात्याची माणसं अळ्या गोळा करून गेली आणि गल्लीला कळलं, की डासांतही जाती असतात. माणसांच्या काय कमी होत्या! गटारातला वेगळा, हिवतापाचा वेगळा. आणि सगळ्यांत वाईट तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा. त्याला म्हणे स्वच्छ पाणी लागतं.

तसं पाणी अंजनाबाईंच्या रांजणात होतं. नांदूरघाटहून लेकीकडे राहायला येताना त्यांनी तो टेम्पोत कवटाळून आणला होता. लेक शिवकन्या याच तपासणीच्या कामावर. तिनं बॅटरी मारली, तर आत अळ्या वळवळत होत्या. लोकांना रोज शहाणपण सांगणारी ती, आपल्याच दारात ओशाळली. मग म्हणाली, रांजण रिकामा करून, घासून, आजचा दिवस पालथा ठेवावा लागेल.

अंजनाबाई आडव्या आल्या. ओता, घासा, पण पालथा घालायचा नाही.

त्यालाही कारण होतं. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघताना घरातलं शेवटचं काम तेच असायचं, रांजण पालथा घालायचं. लहानगी शिवकन्या आजीपाशी राहायची. एका वर्षी परत आल्यावर सासूनं सांगितलं, पोर रोज तांब्याभर पाणी त्या पालथ्या रांजणावर ओतते. भरला की माय येईल म्हणते. पुढे तोड सुटली, आणि तेव्हापासून रांजण कधी पालथा पडला नाही.

"पालथा बघून लई रडायचीस तू," त्या म्हणाल्या.

शिवकन्येनं रांजणाला हात घातला. "माय, आता कुटं जायचंय मला? सांजच्याला येतेच की."

दोघींनी मिळून रांजण उलटवला. शिवकन्या पिशवी घेऊन पुढच्या गल्लीत गेली.

सांज झाली तरी लेक येईना. अंजनाबाई दारात बसल्या, समोर पालथा रांजण. एवढी पिकली बाई, पण डोळ्यांना धार लागली. आजवर त्या जाणाऱ्या होत्या. मागं राहणाऱ्याला काय होतं, ते आज कळत होतं.

दिवे लागल्यावर शिवकन्या आली. पायसुद्धा न धुता तिनं आधी रांजण उभा केला, घरातून तांब्या भरून आणला आणि आईपुढे धरला.

अंजनाबाईंनी तो घेतला नाही.

"तूच वत," त्या म्हणाल्या. "आता आत पडंल."