रंग थंड लागत नाय

हमरापूरच्या गणपती कारखान्यात कुणाच्या अंगावर डाग दिसला, तर लोक डॉक्टर शोधत नाहीत, थिनरचं फडकं शोधतात. शांतीकाकी तर वीस वर्षं बॉडी कलर, म्हणजे मूर्तीच्या अंगाचा रंग, आधी स्वतःच्या डाव्या हातावर लावून बघते. नेहमी एकाच जागी, मनगटाच्या जरा वर. तिथे रुपयाएवढा फिकट डाग उमटला तेव्हा काकी म्हणाली, "बाप्पाचा रंग मुरला माझ्यात!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसली तिची पुतणी मनाली.

मनाली बारावीला. शाळेत आरोग्यसेवा हा विषय घेतलेला, आणि दर शुक्रवारी उपकेंद्रात सरू सिस्टरच्या हाताखाली. सिस्टर मूळच्या रोह्याच्या. बोलतात कमी, पण बोलल्या की टोचतं. त्यांनी सांगितलं होतं, ओळखीच्या दहा जणांच्या कातडीवर काय दिसतं ते लिहून आण. मनालीने ऐटीत लिहिलं: घामोळं, गजकर्ण, आजोबांच्या मिठागरात फुटलेल्या टाचा. आणि पाचवा नंबर, "शांतीकाकी. डावा हात. रंगाचा डाग."

आज वही परत मिळाली. पाचव्या नंबरला लाल गोल, खाली एकच ओळ: "हात लावून बघितलास? आधी बघायचं, शिवायचं, विचारायचं. नाव शेवटी."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी मनालीला बसवेना. उठली, बसली, परत उठली. बाजूच्या ठमाबाई वैतागल्या, "गो पोरी, सीटवर मुंग्या हायत काय?"

मुंग्या डोक्यात होत्या. तिने हातच लावला नव्हता! लांबूनच ओळखलं, मोठी हुशार!

कारखान्यात ती दप्तरासकट घुसली. काकी नुकताच कालवलेला रंग हातावर लावत होती.

"काकी, रंग थंड लागतो काय?"

"लागतो की. थंडगार."

"डागावर पण?"

काकीने डागाच्या बाजूला ब्रश टेकवला. मग डागावर. परत बाजूला, परत डागावर. "हितं नाय लागत," ती हळूच म्हणाली. मग लगेच, "जून झाली कातडी, दुसरं काय!"

मनालीने कोरा ब्रश उचलला. "डोळे मीट. शिवलं की तिथं बोट ठेव."

कोपराजवळ शिवलं, काकीचं बोट बरोबर तिथे. मनगटावर शिवलं, तिथेही. मग मनालीने ब्रशचं टोक डागावर टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

काकी डोळे मिटून वाट बघत होती. "कर की गो सुरू!"

मनालीने ब्रश उचललाच नाही. काकीने डोळे उघडले आणि डागावर टेकलेला ब्रश बघितला.

"महारोग काय गो?"

"नाव मी देत नाय. एकदा दिलं, ते चुकलं. उद्या सिस्टरकडं चल."

"चाळीस मूर्तींचे डोळे रंगवायचे राहिलेत," काकी डाव्या हाताची बोटं उघडझाप करत म्हणाली. याच हाताने ती मूर्तीची हनुवटी धरते, तेव्हा कुठे उजव्या हाताने डोळा उतरतो. "ही बोटं वाकली तर?"

रात्रभर मनाली कूस बदलत राहिली.

सकाळी सिस्टरनी डाग बघितला, शिवून बघितला, कोपरामागची नस चाचपली. मग मनालीच्या वहीतलं पाचव्या नंबरचं पानच फाडलं. "नाहीतरी परत लिहायचंय." पानाची घडी काकीच्या करंगळी आणि अनामिकेमध्ये सरकवली. "घट्ट धरा. मी ओढते. सुटलं तर नस कमजोर."

सिस्टरनी ओढलं. काकीने दात आवळले. मनालीचा पाय टेबलाखाली थडथड उडत होता.

टर्रकन कागद फाटला. अर्धा सिस्टरच्या हातात आणि अर्धा काकीच्या बोटांत!

"सोडा आता," सिस्टर पहिल्यांदाच हसल्या. "बोटांत जोर आहे. पण डाग कुष्ठरोगाचा वाटतोय. पेणला डॉक्टर पक्कं सांगतील. फुकट गोळ्या, सहा महिने, एकही चुकवायची नाही. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती नाही."

"आनि मूर्त्या?"

"रंगवा की! फक्त रंग बघायला दुसरी जागा शोधा."

पेणच्या डॉक्टरांनीही तेच नाव दिलं. दुपारी पिशवीत गोळ्यांचं पाकीट घेऊन दोघी कारखान्यात आल्या. काकी पाटावर बसली, रंग कालवला, सवयीने डावा हात पुढे केला आणि थांबली. उजव्या हातात ब्रश. आता बघायचं कुठे?

तिने मनालीचं मनगट धरून ओढलं आणि ब्रश सप्पकन फिरवला.

"थंड लागतं?"

"लागतं गो काकी, लागतं!"

"मग हलू नको. चाळीस मूर्तींचे डोळे हायत."