खिडकीतला जांभळा स्फटिक

मित्रांनो, मी एक जुना जांभळा स्फटिक आहे. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी जांभळा होतो.

खाणीत सुरुंग लागला, एक पोकळ दगड दुभंगला आणि त्याच्या पोटात मी सापडलो. एका सुतारकाकांनी मला उचलले, मऊ ब्रशने धुतले आणि घरी नेले. त्यांच्या कपाटात माझी भावंडे होती. एक पाण्यासारखे नितळ, एक धुरकट, एक गुलाबी. रंग निराळे, पण आम्ही सगळे गारगोटीच्याच कुळातले. काकांनी आमच्यासाठी स्वतः खण बनवले होते. सुट्टीच्या दिवशी ते एकेकाला दिव्याखाली धरून बघत आणि लगेच खण लावून घेत.

"बाबा, दगडांनाही दृष्ट लागते का हो?" त्यांची लेक चिडवायची. काका नुसते हसायचे. उन्हात माझा रंग उडतो, हे सांगायचे त्यांच्या कधी मनातच आले नाही.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. लेकीचा जीव तीळ तीळ तुटत होता. बाबांना विरंगुळा हवा, म्हणून तिने मला खिडकीत, भर उन्हात, त्यांच्यासमोर मांडले.

काका कासावीस झाले. डाव्या हाताने पुन्हा पुन्हा पडद्याकडे खूण करू लागले.

"डोळ्यांवर ऊन येतंय का बाबा?" असे म्हणत तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी उन्हातच राहिलो.

दगडाला तोंड कुठले? रोज ऊन चढे आणि माझ्यातले थोडे काहीतरी निघून जाई. काका मान वळवून बघत आणि घशातून नुसती घरघर काढत. लेक मात्र मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. इतक्या मायेने कुणी कुणाचे वाटोळे केले नसेल.

काल तिने मला काकांच्या मांडीवर ठेवले. "बघा बाबा, पुसून पुसून कसा लख्ख केलाय. सगळं जांभळं किटण निघालं."

काकांनी मला डाव्या पंजाखाली झाकून धरले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. बाबा सुखावले असे तिला वाटले. तिने त्यांचे डोळे पुसले, हलकेच बोटे सोडवली आणि मला परत खिडकीत ठेवले.

मित्रांनो, ज्याला जीव लावता, त्याला काय सोसत नाही तेही जाणून घ्या. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर वाचा आहे तोवर सांगून टाका. माझ्या बुडाशी अजून एक जांभळी कड उरली आहे. सकाळ होत आली. कुणीतरी तेवढा पडदा ओढा.