मानेतल्या गाठीचं नाव

"लिंफ... लिंफॅडे..." कल्पेशची जीभ पुन्हा अडखळली. त्याने रिपोर्टची घडी घालून खिशात कोंबली आणि "काय नाय गो आई, डॉक्टर सांगतील," म्हणत तोंड फिरवलं.

कामोठ्यातल्या हॉस्पिटलच्या बाकावर दमयंती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. उभा जन्म पनवेलच्या बाजारात मासळी विकलेली बाई ती. गिऱ्हाईक घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. मग पोटच्या पोराचा चेहरा कळणार नाही होय? काल तो सायबर कॅफेतून आला, तो न जेवताच झोपला. सकाळी तिची मासळीची पाटी त्याने उचलून आत ठेवली. "बाजार बंद आता," एवढंच म्हणाला.

जबड्याखाली डाव्या बाजूला आधी चिंचोक्याएवढी एक गाठ आली होती, मग तिच्या शेजारी दुसरी. दुखत नव्हत्या, म्हणून तिने दिवस ढकलले होते.

नाव पुकारलं तशी दोघं आत गेली. डॉक्टर यूम्ना म्हणजे दमयंतीचं जुनं गिऱ्हाईक, पनवेलचे इक्बालशेठ, त्यांची मुलगी. लहानपणी बापाचं बोट धरून ती दमयंतीच्या पाटीसमोर उभी राहायची. आज तिने दमयंतीच्या मानेवर बोटं ठेवली, हलकेच दाबली, सरकवली, मग काखेतही चाचपून पाहिलं.

"नाव मोटं हाय म्हंजे आजार बी मोटाच आसंल," दमयंती म्हणाली. "लपवू नको पोरी. मना सांग."

"नाव मोठं आहे, मावशी, अर्थ एवढासाच. लिंफॅडेनोपॅथी म्हणजे गाठी सुजल्यात, बस्स. ते आजाराचं नाव नाही, खूण आहे. का सुजल्यात ते अजून शोधायचंय."

"पण नेटवर तर कॅन्सर..." कल्पेशच्या तोंडून निसटलं आणि त्याने ओठ चावला.

"तेही कारण असू शकतं. दात किडला तरी सुजतात, टीबीनेही सुजतात. सुई घालून तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. तुम्हीपण म्हणू नका."

दमयंती विचारात पडली. "पायात कालवाचा शिपला घुसला का जांघंत अवधाणाची गाठ येते, तसं?"

"तसंच! माझी नानीपण अवधाणच म्हणायची. अशा गाठी प्रत्येकाच्या अंगात असतात, शेकडो. मानेत, काखेत, जांघेत, पोटात खोलवर. जखमेतून रोग आत शिरला की त्या त्याला अडवतात. लढताना सुजतात."

"शेकडो? आन् कवापासून?"

"आईच्या पोटात असल्यापासून."

दमयंतीने आपले हात उलटसुलट करून पाहिले. शिंगाळ्याच्या काट्यांनी, चिंबोरीच्या नांग्यांनी, कोयत्याच्या पात्याने किती वेळा हे हात फाटले होते! हळद दाबायची नि धंद्याला बसायचं, एवढंच तिला ठाऊक. आणि आत, तिला न विचारता, न सांगता, कुणीतरी प्रत्येक वेळी रोग अंगावर घेत होतं. ती झोपलेली असतानाही. खाडीत उतरताना एकविरेला हात जोडायची तशी ती क्षणभर डोळे मिटून बसली.

सुईची तपासणी झाली.  रिपोर्ट आल्यावर यूम्नाने बोलावून सांगितलं, "टीबी आहे, गाठींचा. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. बऱ्या व्हाल."

कल्पेशला तिथेच रडू फुटलं. दमयंती मात्र पांढरीफटक पडली.

"म्हंजे गंडमाळ?"

"हो, पूर्वी तेच म्हणायचे."

"माज्या थोरल्या बहिणीला झालेली. गोदूला." तिचा आवाज खोल गेला. "गाठी फुटल्या, वाहायला लागल्या. गाव म्हनालं, लागट हाय. पडवीत निराळी ठेवली तिला. भाकर लांबून सरकवायची. मी धाकटी, मना जवळ जाऊ देत नसत. तितंच गेली. पोरी, हा सपर्शानं लागतो?"

 यूम्नाने दमयंतीचा हात हातात घेतला. "नाही, मावशी. शिवल्याने टीबी लागत नाही. आणि नुसता गाठींचा असला तर सहसा दुसऱ्याला होतही नाही."



दमयंतीने गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत. मळमळलं, अंग गळून गेलं, तरी नाही. औषध संपलं तेव्हा यूम्नाने मान तपासली. मोठी गाठ विरली होती. धाकट्या गाठीचा वाटाण्याएवढा कठीण दाणा उरला होता. "हा राहील कदाचित. घाबरायचं नाही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी गव्हाण गावातल्या घरी दमयंतीने कल्पेशला जवळ बसवलं. आपल्याला अशी एक मावशी होती, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गोदू कशी हसायची, होडीत उभी राहून धाकटीला कशी हाका मारायची, पडवीतून कशी बघत राहायची, सगळं दमयंतीने सांगितलं. बोलता बोलता तिने त्याचा हात ओढून आपल्या मानेवर ठेवला.

"हितं. हितंच होती तिची."

कल्पेशची बोटं त्या दाण्यावर थांबली. त्याने हात काढून घेतला नाही.