तेरजेतली उचल

सोनपेठच्या कॉलेजात अकरावी वाणिज्यच्या वर्गात शालू एकटीच मेंढपाळाच्या घरची होती. तिचा बाप, येडबा, दिवसभर मेंढरांमागं फिरायचा. लेक काय शिकते हे त्याला कळत नव्हतं, पण ती शिकते हे तो गावभर सांगायचा.

पुस्तपालन शिकवणाऱ्या दिनकरराव सरांनी त्या दिवशी शालूला फळ्यावर बोलावलं. खात्यांच्या बाक्या दिलेल्या होत्या. त्या नावे आणि जमा अशा दोन बाजूंना मांडून तेरीज जुळवायची होती. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली.

शालूनं भराभर मांडलं. नावे बाजूला साडेअडतीस हजार आले, जमा बाजूला साडेएकेचाळीस.

मागच्या बाकावरचा बालाजी मोठ्यानं हसला. त्याच्या बापाचं आडत दुकान होतं.

सर हसले नाहीत, पण जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "शालू, अजून वेळ गेलेली नाही. कला शाखेला बदलून घे. तुमच्यात कुणी हे केलेलं नाही, तुला जड जाईल. बस जागेवर."

"न्हाई बसणार, सर."

"काय?"

"जुळल्याबिगर न्हाई बसणार. चूक कुठं हाय ते तर कळू द्या."

सरांनी खडू ठेवला. "मग राहा उभी." तास संपल्याची घंटा झाली आणि ते निघून गेले.

शालू हलली नाही. तिनं सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. त्या बरोबर होत्या.

मराठीच्या माधवी मॅडम वर्गात आल्या. "हे काय गं?"

"मॅडम, माझी तेरीज जुळंना. मला जागेवर जायचं न्हाई."

मॅडमना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. "मग एकेक रक्कम मला वाचून दाखव. ती तिथं का लिहिलीस, ते सांग."

शालू सांगत गेली. भांडवल, खरेदी, भाडं. मग आलं, "उचल, दीड हजार. जमा बाजूला."

"का?"

"उचल म्हणजे पैसा येतो की, मॅडम! माझ्या मामाला ऊसतोडीला जाताना मुकादम देतो ती."

वर्गात कुणीच हसलं नाही. बालाजीनं पुस्तक उघडलं आणि जरा खालच्या आवाजात वाचलं, "मालकाने घरखर्चासाठी धंद्यातून काढलेली रक्कम, म्हणजे उचल."

"म्हणजे धंद्यातनं पैसा गेला!"

तिनं दीड हजार खोडले आणि नावे बाजूला लिहिले. दोन्हीकडं चाळीस हजार आले. मग ती जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत सर फळा बघायला आले. शालूनं चूक सांगितली आणि वर म्हणाली, "आमच्याकडं उचलीचा अर्थ उलटा हाय, सर. शिकवताना आधी एवढं सांगत जा."

सरांनी फळ्यावरच्या दोन्ही बेरजा तपासल्या. "सांगेन," ते म्हणाले. "पण हे एक गणित झालं. पुढचं याहून अवघड आहे. माझं मत तेच आहे."

"असू द्या, सर. मी बी हितंच हाय."

सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. घटक चाचणीत शालू नापास झाली. सरांनी पुन्हा कला शाखेचं नाव काढलं, तिनं पुन्हा नकारार्थी मान हलवली. त्या दिवसापासून ती रोज एक गणित सोडवून सरांच्या टेबलावर ठेवू लागली. चुकलं तर तिथंच उभी राहून विचारायची. सर वैतागायचे, पण सांगायचे. वार्षिक परीक्षेत ती पास झाली. गुण काही फार नव्हते.

जूनमध्ये बारावीच्या पहिल्या तासाला सर वर्गात आले, तेव्हा शालू पहिल्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "सर, बारावीचा पहिला धडा, भागीदारीची खाती, कवा सुरू करायचा?"